कांचपेटींतील लागण आणि खोडवा

राजारामपुरीच्या गल्ल्यांतून सायंकाळीं फिरावयास निघालें असतां अलीकडे पुष्कळ दिवाणखान्यांत माशांची कांचपेटी दिव्यानें उजळलेली दृष्टीस पडते. मासे बहुधा ठीक असतात. दुर्दशा असते ती वनस्पतींची. वरचा भाग पाण्याच्या पृष्ठास टेकून छत्रीसारखा पसरलेला, आणि खालीं पानें झडून उघडे पडलेले तपकिरी देठ. घरधनी म्हणतात, खत कमी पडत असावें. आमच्या मतें वरच्या छत्रीनें खालच्या पानांचा उजेड तोडलेला असतो, आणि तेथें कात्रीवांचून दुसरें औषध नाहीं.

या सरळ खोडाच्या वनस्पतींपैकीं कित्येक आपल्या घरच्याच आहेत. बाजारांत जिला बाकोपा म्हणतात ती आपली नीरब्राह्मी. (मंडूकपर्णीसहि लोक ब्राह्मी म्हणतात, पण ती निराळी, तिचें पान वाटोळें असून ती जमिनीवर सरपटते.) दुसरी आंबुली. तिचें शास्त्रीय नांव लिम्नोफिला, म्हणजे ग्रीक भाषेंत 'तळें जिला प्रिय आहे ती'. आम्ही तिला तटाकप्रिया म्हणूं. रोटाला कुळांतील कांहीं जाती तर सह्याद्रीच्या पाणथळींत आपोआप उगवतात. या सर्वांचें खोड पेरापेरांचें, आणि पेरापाशीं डोळा.

उसाचें शेत पाहिलेल्या कोल्हापूरकरास पुढचें फारसें सांगावें लागूं नये. शेंड्यांत तयार होऊन खालीं उतरणारें ऑक्सिन नांवाचें द्रव्य बाजूच्या डोळ्यांस निजवून ठेवतें. शेंडा छाटला कीं ते जागे होतात. छाटणीचे प्रकारहि उसाचेच दोन. खोड जागच्या जागीं राखून वरचा भाग कापला, तर बुडख्यास फुटवे येऊन झुडूप दाट होतें, हा खोडवा. कापलेला शेंडा बेणें म्हणून रोवून जुना बुडखा उपटून टाकला, तर ती लागण. आंबुलीसारख्या झपाट्यानें वाढणाऱ्या जातीस खोडवा दोन-तीन वेळां मानवतो. पुढें फुटवे बारीक येऊं लागतात. तेव्हां लोभ सोडून लागणच करावी. नीरब्राह्मी सावकाश वाढते, तिच्यामागें फार लागूं नये.

कात्री धारदार हवी. बोथट कात्रीनें देठ चेंगरतो व कुजतो. पेराच्या किंचित् वर कापावें. शेंडा चार-पांच बोटें लांब घेऊन खालच्या दोन पेरांचीं पानें काढावीं, व लांब चिमट्यानें तीं पेरें वाळूंत जातील असा रोवावा. मुळें पेरांतूनच फुटतात. झुडूप ज्या उंचीचें हवें त्याच्या बरेंच खालीं कापावें, कारण फुटवे तेथून वर वाढावयाचे असतात. एका दिवशीं अर्ध्याहून अधिक छाटणें मात्र बरें नव्हे. माशांच्या विष्ठेपासून पाण्यांत जें अन्न उतरतें तें घेणाऱ्या वनस्पति अशक्त झाल्या कीं शेवाळ तें घेतें. छाटणीनंतर चतुर्थांश पाणी बदलावें आणि दिवा कांहीं दिवस सहा तासच लावावा.

छाटतांना मुलांस जवळ बसवावें. दिव्याच्या उजेडांत ताज्या कापावरून बारीक बुडबुड्यांची माळ वर चढते. हायड्रिलाच्या काड्यांवर नरसाळें व परीक्षानळी पालथी घालून आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें जो प्राणवायु दाखविला, तोच हा. रात्रीं हा व्यवहार उलटतो. अंधारांत वनस्पतीच प्राणवायु घेतात, आणि तळाशीं कुजणारीं पानें तो आणखी खातात. पहाटे मासे पृष्ठाशीं येऊन तोंडाची उघडझांप करूं लागले, तर आधीं तळाशीं हात घालून पाहावें.

आतां कापलेल्या पाल्याविषयीं. 'पाण्यांतलें पाण्यांत' म्हणून निर्माल्याप्रमाणें तो रंकाळ्यांत किंवा पंचगंगेंत सोडण्याचा मोह होतो. तो सर्वथा टाळावा, नाल्यांतहि टाकूं नये. ज्या पेराच्या गुणावर आपली लागण चालते, त्याच गुणानें बोटभर तुकडा तळ्यांत रुजतो. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेंतली, फुलांच्या शोभेसाठीं देशोदेशीं नेलेली. तिनें रंकाळ्याचे काय हाल केले ते कोल्हापुरानें पाहिले आहेत. केरळांत कोळिकोड जिल्ह्यांतील आवळ पांडी येथें २०२० सालीं पाणी गुलाबी फुलांनीं भरून गेलें आणि लोक छायाचित्रें काढावयास लोटले. तें फूल कॅबोम्बाचें. तीहि दक्षिण अमेरिकेंतली, कांचपेटीसाठीं विकली जाणारी. असा गालिचा पसरला म्हणजे खालच्या देशी वनस्पतींस उजेड मिळत नाहीं, आणि कोणत्या घरची जुडी तेथें प्रथम पडली हें कोणास सांगतां येत नाहीं.

पाला गच्चीवर उन्हांत चांगला कडकडीत वाळूं द्यावा, मग कुंडीच्या मातींत मिसळावा. पेटींतून काढलेलें पाणीहि झाडांस उत्तम. माशांचें पाणी तुळशीस घालण्यास घरांतील वडील मंडळींची हरकत असल्यास तें गुलाबास घालावें. गुलाबास सोंवळें नाहीं.