खोक्यातला स्वेटर

नाताळच्या संमेलनात आपल्या ख्रिस्ती मंडळाने गावाकडच्या गरिबांसाठी कपडे गोळा केले. घरी आल्यावर माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली, "आई, त्या खोक्यात कोपरावर फाटलेला स्वेटर होता. तू घालशील?" मी गप्प बसले. स्वेटर आमच्याच घरचा होता.

माझं माहेर नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याचं. पावसाळ्यात डोंगर ओथंबतात आणि उन्हाळ्यात बायका हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. भात-नागली उरकली की घरंच्या घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. तरी दाराशी कोणी आलं की आई तव्यावरची ताजी नागलीची भाकरी त्याच्यापुढे ठेवायची, सकाळची स्वतः खायची. नवं लुगडं आलं तर आधी शेजारच्या बाळंतिणीला. तिला वाचता येत नव्हतं. रविवारच्या प्रार्थनेत कानावर पडलेलं ती असं पाळायची. माझ्या घरात पाहुण्यांसाठी काचेची भांडी आहेत आणि दान देण्यासाठी कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा.

2018च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला गेलेल्या शेतकरी मोर्चात सुरगाण्याची माणसं होती. चालून चालून पाय फुटले होते. पण दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको, म्हणून सोमय्या मैदानावरची झोप सोडून ती रात्रीच आझाद मैदानाकडे निघाली. त्यातली बहुतेक कधी चर्चची पायरी चढलेली नसतील. शेजाऱ्यावर प्रीती करणं मला त्या रात्रीत दिसलं.

रेव्हरंड टिळकांची भजनं आपण पेटीवर गातो. त्यांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला होता. त्यांच्या पत्नी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा 1900 साली घेतला, पण जातीपातीचं सोवळं त्याआधीच मनातून आणि मग स्वयंपाकघरातून काढलं. स्वतःचं काही सुटल्याशिवाय श्रद्धेला अर्थ येत नाही. आपलं काय सुटलं? नको झालेला स्वेटर!

फार बोलले. ज्या भगिनींनी रात्री जागून कपड्यांच्या घड्या घातल्या, त्यांना दुखवायचं नव्हतं. त्यांनी माफ करावं.

परवा सुरगाण्याला फोन केला, काय पाठवू म्हणून विचारलं. भावजय म्हणाली, "कपडे पुरे आहेत हो वन्सं, पाणी साठवायला टाकी मिळाली तर बघा." खोकी अजून माझ्या गॅरेजमध्ये आहेत. शनिवारी सकाळी दहाला सगळे या. फाटकं बाजूला काढू आणि टाकीचं ठरवू.