पैसे भरून लेखक होताना

वणीला रंगनाथ स्वामींच्या यात्रेतल्या बैलबाजारात शेतकरी जोडी घेतो, तेव्हा दात मोजतो, खुरे बघतो, चार पावले चालवून पाहतो आणि तरीही तासभर घासाघीस करतो. त्याच गावातले निवृत्त गुरुजी किंवा वेकोलिच्या खाणीतून सेवामुक्त झालेले गृहस्थ आयुष्यभराचे लेखन आणि भविष्यनिर्वाह निधीतली रक्कम, करारावरून नजरही न फिरवता, अनोळखी माणसाच्या हाती देऊन मोकळे होतात. प्राचार्य राम शेवाळकरांच्या या गावात लिहिणाऱ्यांना तोटा नाही. म्हणूनच त्यांना गाठणाऱ्यांनाही नाही.

सुरुवात स्तुतीने होते. हस्तलिखित पाठवून चार दिवस होत नाहीत तोच निवड झाल्याचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. तीनशे पाने चार दिवसांत कोणी वाचली, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. मग 'सहयोग राशी' हा गोंडस शब्द येतो. मी जवळून पाहिलेल्या एका प्रकरणात करार १,००० प्रतींचा होता. लेखकाच्या घरी आल्या १००. उरलेल्या 'वितरणात' होत्या, आणि त्या कुठल्या दुकानात आहेत हे प्रकाशकाला शेवटपर्यंत सांगता आले नाही. छापल्याच नसाव्यात, असे माझे मत.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला आधी आकडे दिसतात. समजा लेखकाने ६०,००० रुपये भरले, पुस्तकाची किंमत २०० रुपये आणि मानधन १० टक्के. प्रतीमागे २० रुपये झाले. पैसे परत यायला ३,००० प्रती खपायला हव्यात, आणि करारातच आवृत्ती हजाराची! शेवटची प्रत विकली गेली तरी ४०,००० रुपयांचा खड्डा ठरलेलाच. असे कर्जप्रकरण शाखेत आले असते, तर आमच्या शिपायानेही परत पाठवले असते.

हा धंदा काही आपल्याकडेच चालतो असे नाही. उंबेर्तो एको यांनी १९८८च्या 'फुकोज् पेंड्युलम' या कादंबरीत हौशी लेखकांना असेच लुटणारी प्रकाशनसंस्था रंगवली आहे. अमेरिकेत २०२४च्या डिसेंबरात काही जणांना अटक झाली. पुस्तकावर चित्रपट काढायला निर्माते उत्सुक आहेत असे भासवून त्यांनी ८००हून अधिक लेखकांकडून ४ कोटी ४० लाख डॉलर उकळले, असा सरकारी पक्षाचा आरोप आहे. त्यात वृद्ध लेखक पुष्कळ होते.

पदरचे पैसे घालून पुस्तक काढणे यात मात्र काही कमीपणा नाही. मार्सेल प्रूस्तने १९१३ साली आपल्या महाकादंबरीचा पहिला खंड स्वखर्चानेच छापला. पण मग छापखान्याचे बिल आपल्या नावाचे हवे आणि प्रतींचे गठ्ठे आपल्या माजघरात. खर्च लेखकाचा आणि पुस्तक दुसऱ्याचे, हा कुठला हिशेब?

आयएसबीएन क्रमांकासाठीही काही जण वेगळे हजार-दोन हजार मागतात. भारतात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखकाला स्वतःही मागता येतो. प्रवेशशुल्क घेऊन शाल-सन्मानचिन्ह देणाऱ्या 'राज्यस्तरीय' पुरस्कारांविषयी न बोललेलेच बरे.

कायदा मात्र लेखकाच्या बाजूने बराच उभा आहे. लेखन कागदावर उतरले की हक्क आपला; नोंदणी सक्तीची नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीनिशी लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरतात. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळे लिहिले नसल्यास ते परत येतात. म्हणूनच 'सर्व हक्क कायमचे' हे तीन शब्द दिसले की पेन खाली ठेवावे. पैसे द्यायचेच झाले तर चेकने, टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा हप्ता प्रती मोजून घेतल्यावर.

पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिथून नकारही येतो. अर्ज करावा, हस्तलिखिताची झेरॉक्स पाठवावी आणि मूळ प्रत घरच्या कपाटात ठेवावी.