क्वांटम मिशनला पैसा आहे, संशोधकांना आधार कुठे?

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंत त्यावर सहा हजार कोटींहून जास्त खर्च होणार आहे. चर्चा झाली ती कॉम्प्युटरची. पण मिशनच्या चार केंद्रांपैकी आयआयटी दिल्लीचं केंद्र क्वांटम पदार्थांसाठी आहे. हे पदार्थ म्हणजे नेमकं काय?

बर्फ तापवला की पाणी होतं. चुंबक खूप तापवलं की त्याचं चुंबकत्व जातं. दोन्हीकडे बदल घडवते ती उष्णता. मग उष्णता जवळपास नसेलच तर? तरीही बदल होतो, तो उदाहरणार्थ चुंबकीय क्षेत्राच्या जोराने घडवता येतो. यालाच क्वांटम स्थित्यंतर म्हणतात.

२०१० मध्ये ऑक्सफर्डचे राडू कोल्डिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्ट नायोबेटवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. या स्फटिकात कोबाल्टचे अणू साखळीसारखे असतात आणि प्रत्येक अणू म्हणजे एक बारीक चुंबक. उणे २७३ अंश सेल्सिअसच्या आसपास ती सगळी एका रांगेत उभी राहतात. त्यांना आडवं क्षेत्र लावून जोर वाढवत नेला. साधारण साडेपाच टेस्लाला ती रांग मोडली. दवाखान्यातलं एमआरआय मशीन बहुधा दीड किंवा तीन टेस्लाचं असतं, यावरून अंदाज यावा. त्या सीमेजवळ स्फटिकातल्या पहिल्या दोन कंपनांच्या ऊर्जेचं गुणोत्तर १.६१८ च्या जवळ आलं. गणितातलं हेच सुवर्ण गुणोत्तर.

याचा उपयोग काय? आडव्या क्षेत्राचं हेच गणित कॅनडात सुरू झालेल्या डी-वेव्ह कंपनीच्या क्वांटम मशीनमागे आहे.

असं काम दोन-चार महिन्यांत होत नाही. शुद्ध स्फटिक वाढवायचा, तो गार करायचा, मोजमाप घ्यायचं, यात पीएचडीची वर्षं जातात. तेवढा काळ घर चालायला हवं. आणि नेमकी इथेच अडचण आहे. अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. इतर योजनांमधून तोच लाभ मिळतो, असं सरकारने लोकसभेत सांगितलं. पण ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी संशोधनाकडे वळतंय, तिथे एक दार बंद झालं की फरक पडतो. मिशनसाठी पैसा आहे, तर फेलोशिप परत सुरू करा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर पालकांनी एवढं करावं: मुलगा किंवा मुलगी बीएस्सी फिजिक्सला असेल, तर ‘यात नोकरी कुठे?’ म्हणून वाट अडवू नये. एमएस्सीसाठी जाम आणि पुढे नेट-जेआरएफ, या परीक्षा आजही खुल्या आहेत.