रस्ते सरकारचे, मरण गावाचे

भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांना रेल्वेचा लाभ नाही. येथील माणसाचे बाजारहाट, शिक्षण, दवाखाना आणि कचेरी हे सारे रस्त्यावर अवलंबून आहे. भोर तालुक्याच्या पूर्व अंगाने पुणे–सातारा महामार्ग धावतो. कापूरहोळपाशी त्यातून भोरचा रस्ता फुटतो आणि नसरापूरच्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याचा. भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाटाचा मार्ग नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाच्या काठाने जातो. गेल्या काही वर्षांत पावसाळा आला की हा घाट बंद ठेवण्याचे आदेश निघतात. पानशेत परिसरातून पाबे घाट ओलांडून वेल्ह्यास येणारी वाटही तितकीच वळणावळणाची आहे. या रस्त्यांवर आता राजगड, तोरणा आणि रायरेश्वराकडे निघालेल्या शहरी मोटारींची सुट्टीच्या दिवशी रीघ लागते. आणि त्याच रस्त्यांच्या कडेने दप्तर पाठीवर घेतलेली मुले शाळेची वाट चालत असतात. वेल्हे तालुक्याचे राजगड असे नामकरण करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. नावाचा मान मोठा आहे. परंतु तालुक्याच्या रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या जिवाचा मान वाढवावयाचा असेल, तर त्यासाठी निराळा निर्णय हवा.

तो निर्णय कोणता, याचे उत्तर देण्यापूर्वी आजची व्यवस्था कशी चालते हे पाहावयास हवे. केंद्र शासनाच्या व्याख्येनुसार, सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात लागोपाठच्या तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा एकूण दहा माणसे दगावली, तर ते ठिकाण अपघातप्रवण ठरते. एकदा ते यादीत आले की सर्वेक्षण होते, आराखडा होतो आणि निधीची वाट मोकळी होते. महामार्गावरील हजारो वाहनांच्या वर्दळीसाठी ही व्याख्या कदाचित योग्य असेल. परंतु २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची एकूण लोकसंख्या अवघी ५४ हजारांच्या आसपास होती. अशा विरळ वस्तीच्या प्रदेशातील एखाद्या वळणावर तीन वर्षांत दोघे गेले, तर ते वळण यादीत येत नाही. गावाच्या लेखी मात्र दोन घरांची चूल विझलेली असते. थोडक्यात, पुरेसे बळी दिल्याखेरीज गावाला दाद मागण्याचीही पात्रता येत नाही.

यादीत न बसणारा धोका किती भयंकर असू शकतो, याचे उदाहरण भोर तालुक्यातच आहे. जून २०१३ मध्ये कात्रजच्या नव्या बोगद्याजवळ शिंदेवाडी येथे पावसाचा लोंढा डोंगरावरून थेट महामार्गावर आला आणि त्यात एक आई व तिची लहान मुलगी वाहून गेली. डोंगर तोडून ओढ्यानाल्यांचे नैसर्गिक प्रवाह अडविल्यामुळे हे घडले, अशी चर्चा पुढे कितीतरी दिवस चालली. तोडलेला डोंगर आणि बुजविलेला नाला जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता. परंतु डोळ्यांना दिसणाऱ्या धोक्याची नोंद घेणारी वही आपल्या व्यवस्थेत नाही. तिच्यात नोंद होते ती पंचनाम्याची.

आकडे काय सांगतात?

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी महाराष्ट्रातील १५,२२४ होती. देशातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागात झाले. मृतांमध्ये दुचाकीस्वार ४४ टक्क्यांहून अधिक आणि पादचारी जवळजवळ २० टक्के होते. म्हणजे मोटारीत बसणाऱ्यापेक्षा मोटारीसमोर येणारा आणि शहरापेक्षा खेड्यातला माणूस यात अधिक भरडला जातो. रस्ता सुरक्षेचे निर्णय मात्र या माणसापासून फार दूर होतात.

पैसा मुळातच नाही, असेही म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ रोजी दिलेल्या निर्देशांत प्रत्येक राज्याने वाहतूक दंडाच्या वसुलीतील काही भाग घालून रस्ता सुरक्षा निधी उभारावा आणि प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असावी, असे स्पष्ट सांगितले आहे. ग्रामीण रस्त्यांच्या देखभालीसाठी लेखाशीर्ष ३०५४ आहेच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेली आणि ४० टक्के अबंधित होती. अडचण आहे ती अधिकाराची. गावातून जाणारा मुख्य रस्ता बहुधा राज्य मार्ग वा प्रमुख जिल्हा मार्ग असतो. तो सार्वजनिक बांधकाम खात्याचा. त्यावर पांढरा पट्टा ओढण्याचाही अधिकार ग्रामपंचायतीस नाही.

मग गाव काय करते? पहिला बळी गेल्यावर अर्ज देते, दुसऱ्या बळीनंतर रास्ता रोको करते आणि तिसऱ्यानंतर रातोरात मुरूम टाकून स्वतःच गतिरोधक उभारते. रंग नसलेला, फलक नसलेला तो उंचवटा अंधारात दुचाकीस्वाराच्या जिवावर उठतो. ज्याचे जळते त्याला कळते, हे खरे. परंतु केवळ कळण्याने भागत नाही, त्यास शास्त्राची जोड लागते. आज जाण गावाकडे आहे, शास्त्र खात्याकडे आहे आणि पैसा जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. या तिघांची गाठ घालणे हाच खरा प्रश्न होय.

छोटे अनुदान, पक्के बंधन

यासाठी जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा निधीतील एक ठराविक हिस्सा ग्रामसभांनी सुचविलेल्या कामांसाठी राखून ठेवावा आणि त्याचा आरंभ भोर व वेल्हे तालुक्यांतून करावा. रक्कम मोठी असण्याचे कारण नाही. शाळेपुढील रस्त्याला संरक्षक कठडा, वळणावरील झाडोरा काढून दृष्टी मोकळी करणे, एस.टी. थांबा फाट्यापासून थोडा सरकविणे, पादचाऱ्यांसाठी बाजूपट्टी, ट्रॅक्टर व बैलगाडीस परावर्तक पट्ट्या ही कामे काही हजारांत वा काही लाखांत होणारी आहेत. ग्रामसभेने ठराव करावा, सोबत धोक्याच्या जागेचा साधा नकाशा आणि वर्षभराची नोंद जोडावी. तीत पोलिसांपर्यंत न पोहोचलेले किरकोळ अपघात आणि थोडक्यात टळलेले प्रसंगही असावेत. त्यानंतर संबंधित उपअभियंत्याने ठराविक मुदतीत, समजा साठ दिवसांत, भारतीय रस्ते महासभेच्या मानकांनुसार आराखडा द्यावा किंवा नकाराची कारणे लेखी कळवावीत. मौन हे उत्तर धरले जाऊ नये. हे बंधन नसेल तर अनुदान ही आणखी एक फाइल होईल.

लोकसहभागास अनुदानाची वा पारितोषिकाची जोड देण्याचा प्रयोग महाराष्ट्रास नवा नाही. २०००–०१ साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने आणि २००७ च्या तंटामुक्त गाव मोहिमेने हजारो गावांना कामाला लावले. परदेशातही अशी उदाहरणे आहेत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात स्थानिक मंडळांना रस्ता सुरक्षेच्या उपक्रमांसाठी अनुदान मिळते आणि त्याचा पैसा येतो तो कॅमेऱ्याने टिपलेल्या वाहतूक गुन्ह्यांच्या दंडातून. बेदरकार वाहनचालकाने भरलेल्या दंडातून त्याच रस्त्यावर चालणाऱ्या मुलाचे रक्षण व्हावे, यासारखा न्याय नाही.

या सूचनेवर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, यातून शासन आपली जबाबदारी गावावर ढकलील. ही भीती रास्त आहे. वरंध घाटाची दरड आवरणे किंवा महामार्गावरील पूल बांधणे हे ग्रामसभेचे काम नव्हे आणि ते तिच्या माथी मारू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली समाविष्ट झालेल्या कलम १९८-अ ने सदोष बांधणीबद्दल रस्ता बांधणाऱ्यांस दंडाची तरतूद केली आहे. ती जबाबदारी अनुदानाने तसूभरही कमी होता कामा नये. दुसरा आक्षेप असा की, हा पैसा कमानी आणि पुढाऱ्यांच्या छायाचित्रांचे फलक यांवर उधळला जाईल. त्यावर उपाय आहे. प्रत्येक कामाचा खर्च शाळेच्या अथवा चावडीच्या भिंतीवर लिहावा आणि वर्षानंतर त्या जागी काय बदलले हे ग्रामसभेत वाचून दाखवावे. ज्या सभेत मृताचे नातलग बसलेले असतात, तेथे खोटा हिशेब देणे सोपे नसते.

या कामात शिक्षक, ग्रामसेवक, कचेरीतील लिपिक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांचा वाटा मोठा आहे. शाळेच्या वाटेवरील धोका शिक्षकाइतका कोणास ठाऊक असतो? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात श्रमदानाबरोबर एक दिवस फाट्यावर उभे राहून वाहने मोजली, मुले रस्ता कोठे ओलांडतात हे टिपले, तर ग्रामसभेच्या ठरावास आधार मिळेल. आणि असा ठराव टेबलावर आल्यावर तो दप्तरी दाखल करावयाचा की पुढे पाठवावयाचा, हे पुष्कळदा एका लिपिकाच्या तत्परतेवर ठरते.

पुणे जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने आपल्या येत्या बैठकीत एवढा एकच विषय घ्यावा. दोन तालुके, एक वर्ष आणि थोडका निधी यांत फारसे गमावण्यासारखे काही नाही. पाच अपघातांची वाट पाहणारी व्यवस्था पहिल्या अपघातापूर्वी गावाचे ऐकू लागली, तर यादीत कधीच न येणारी ती वळणे सुधारतील आणि तेथील घरांत संध्याकाळी माणसे सुखरूप परततील.