रोजा आणि कचऱ्याची बादली

रमजानमध्ये आमच्या घरची कचऱ्याची बादली इतर महिन्यांपेक्षा लवकर भरते. दिवसभर उपाशी राहणाऱ्या घरातच अन्न जास्त वाया जावं, याची आपल्याला लाज वाटायला हवी. इफ्तारला भजी, समोसे, चार प्रकारची फळं, सरबत सगळं हवंच. खजूर आणि पाण्यानेच निम्मी भूक भागते. थंड भजी सेहरीला कुणी खात नाही आणि कापलेलं कलिंगड सकाळी टाकावं लागतं.

मग दोष बायकोला: 'अंदाज नाही हिला.' पण असरनंतर भुकेल्या पोटी बाजारात जाऊन पिशव्या भरणारा मीच. रोज नवा पदार्थ मागणाराही मीच.

कुणी म्हणेल, बरकतीचा महिना आहे, हात आखडता कशाला? अहो, बरकत म्हणजे थोड्यात भागणं. दोघांचं जेवण तिघांना पुरतं, ही हदीस आपण कितीदा ऐकली! सूरह आराफच्या 31व्या आयतीत तर खाण्यापिण्याच्या परवानगीला लागूनच उधळपट्टीची मनाई आहे. लग्नाच्या हॉलकडे बोट दाखवूनही सुटका नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2024च्या अहवालानुसार 2022 साली जगात वाया गेलेल्या अन्नापैकी 60 टक्के घरांतलं होतं.

यंदा आम्ही ठरवलंय: यादी आदल्या रात्री, पोट भरलेलं असताना करायची. तळण एकच. फळं लागतील तेवढीच कापायची. आणि शेजारी ताट पाठवायचं ते इफ्तारच्या आधी, ताजं. उरलंसुरलं दुसऱ्याला देऊन त्याला सदका म्हणणं आता पुरे.