मुक्या तबकड्या, बहिरे धनी

गेल्या दिवाळीच्या आधीं मी राजारामपुरींतील एका स्नेह्यांच्या घरीं गेलों होतों. घराची साफसफाई चालली होती. दारांत भंगारवाल्याचा तराजू होता, आणि त्याच्या पारड्यांत रद्दी वर्तमानपत्रें व फुटकी बादली यांच्या सोबतीला तीन वस्तु जाऊन बसल्या होत्या: हातांत मावेल असें सी.डी. वाजविण्याचें एक यंत्र, दोन बँडचा एक रेडिओ, आणि मोटारीच्या कॅसेटयंत्रांत घालावयाची, शेपटासारखी तार असलेली एक खोटी कॅसेट. आंत दिवाणखान्यांत मात्र कांचेच्या कपाटांत शेंसव्वाशें सी.डी. ओळीनें मांडलेल्या होत्या आणि गृहिणी त्यांवरील धूळ मऊ फडक्यानें पुशीत होत्या. मीं विचारलें, "वहिनी, आतां या वाजवणार कशावर?" त्या हसून म्हणाल्या, "अहो, त्या शोभेला! गाणीं काय, फोनवर सगळीं मिळतात."

त्या माउलीला दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. हें उत्तर आज कोल्हापुरांतीलच नव्हे, तर पुण्यामुंबईच्याहि असंख्य सुशिक्षित घरांचें उत्तर आहे, आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणें अवश्य झालें आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें: ज्या घरानें तबकड्या ठेविल्या आणि त्या वाजविणारें स्वस्त यंत्र भंगारांत घातलें, त्या घरानें गाणींहि घालविलीं. फक्त घालविल्याची बातमी त्याला अजून लागलेली नाहीं.

'फोनवर सगळें मिळतें' हाच मुद्दा आधीं घेऊं. मिळतें हें खरें. पण कोणाच्या मर्जीनें मिळतें? विकत घेतलेली तबकडी आपल्या मालकीची असते. ती मुलाला देतां येते, शेजाऱ्याला उसनी देतां येते, आणि काढणारी कंपनी बुडाली तरी ती वाजावयाची थांबत नाहीं. फोनवरचें गाणें भाडोत्री असतें. २०२४ या एकाच वर्षीं 'रेसो' आणि 'विंक' या दोन संगीतसेवांनीं आपल्या देशांतील दुकान आवरलें. ज्यांनीं निवडून निवडून तेथें आपल्या आवडीच्या गाण्यांच्या याद्या रचिल्या होत्या, त्यांना बिऱ्हाड हलवावें लागलें. घरमालकानें बाहेर काढलें तर भाडेकरू निदान भांडतो. येथें भांडावयाचें कोणाशीं हेंहि ठाऊक नसतें. जो मध्यमवर्ग स्वतःचें दोन खोल्यांचें घर व्हावें म्हणून आयुष्यभर पोटाला चिमटा घेतो, त्यानेंच गाण्याच्या बाबतींत आजन्म भाडेकरू राहण्यांत भूषण मानावें, याचें मला नवल वाटतें.

शिवाय 'सगळें' म्हणजे तरी काय? जें कोणाला तरी विकावेंसें वाटलें तेवढेंच. माझ्या स्नेह्यांचे वडील गात असत. त्यांच्या घरगुती बैठकींच्या फिती पुढें मुलानें हौसेनें सात-आठ सी.डी.वर उतरवून घेतल्या होत्या. त्या सी.डी. त्याच कपाटांत होत्या, आणि तो आवाज जगांतील कोणत्याहि फोनवर मिळत नाहीं. या कपाटांविषयींहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारखान्यांत छापलेल्या तबकडींतील खुणा ठशानें उमटविलेल्या असतात व त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. ती पुष्कळ टिकते. घरीं उतरविलेल्या तबकडींत मात्र त्या खुणा एका रंगद्रव्याच्या थरांत भाजलेल्या असतात, आणि तें द्रव्य उन्हानें व उष्णतेनें विटत जातें. म्हणजे कपाटावर रोज ऊन येत असेल तर शोभेला मांडलेली ती तबकडी तेथल्या तेथें पुसली जात आहे! तिची नक्कल करून ठेवूं म्हटलें तरी आधीं ती वाचणारें यंत्र हवें. आणि यंत्र तर पारड्यांत.

हरवलेल्या आवाजाची किंमत कोल्हापूरकरांना तरी समजावून सांगावी लागूं नये. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयानें याच शहरांत राहिले. १९४६ सालीं ते निवर्तले, आणि त्यांच्या गाण्याची एकहि ध्वनिमुद्रिका मागें राहिली नाहीं. त्यांचा पुतळा आपण उभारला आहे. त्यांची तान कशी होती हें मात्र शिष्यांच्या गळ्यावरून ताडावें लागतें. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें येथेंच मूकपट काढले; त्यांतील बहुतेकांच्या प्रती आज उरलेल्या नाहींत. त्या पिढ्यांना क्षमा करतां येईल, कारण त्यांचीं साधनें तुटपुंजीं होतीं. आपल्याजवळ मुद्रण आहे, तें धडधाकट आहे, आणि तें ऐकविणारें यंत्र दोन-तीन हजार रुपयांत मिळतें. आपल्याला कोणत्या तोंडानें क्षमा मागतां येईल?

याच परंपरेंत उलट उदाहरणहि आहे. केसरबाई केरकर या खाँसाहेबांच्या शिष्या. बालपणीं कांहीं महिने त्या कोल्हापुरांतच अब्दुल करीमखाँ यांच्याकडे शिकल्या होत्या. १९७७ सालीं अमेरिकेनें 'व्हॉयेजर' नांवाचीं दोन यानें दूरच्या ग्रहांकडे व त्यांपलीकडे धाडलीं. त्या प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे व तिच्यांत केसरबाईंची भैरवी आहे. पण ज्यांनीं ती योजना केली त्यांनीं नुसती तबकडी पाठवून हात झटकले नाहींत. तिच्यासोबत ती वाजविण्याची सुई दिली. आणि सुई कशी लावावी, तबकडी किती वेगानें फिरवावी, हें वेष्टणावर आकृत्यांनीं कोरलें. ज्यांना कान आहेत कीं नाहींत हेंहि ठाऊक नाहीं अशा परक्यांसाठीं जी काळजी घेतली गेली, ती आपण स्वतःच्या नातवंडांसाठीं घेऊं नये काय?

दुसरा आक्षेप रसिकांचा आहे. "असल्या स्वस्त डबड्यांतून गाणें ऐकणें म्हणजे गाण्याचा अपमान," असें ते नाक मुरडून म्हणतात. १९८२ सालीं सी.डी. बाजारांत आली तेव्हांपासून तिची रचना एकच आहे. आवाजाचीं मापें सेकंदाला ४४,१०० वेळां घेतलेलीं असतात आणि प्रकाशाचा किरण तीं वाचतो. हजारांचें यंत्र व लाखाचें यंत्र तींच मापें वाचतें. फरक पडतो तो पुढें, आवाज मोठा करणाऱ्या भागांत आणि कानाला लावावयाच्या साधनांत. स्वस्त यंत्राचे दोष मी लपवीत नाहीं. त्याचें झांकण लेचेंपेचें असतें, मोटारींत धक्का बसला कीं तें अडखळतें, आणि कालांतरानें त्याचा किरण मंदावतो. परंतु 'बिघडलें' म्हणून फेंकलेल्या कित्येक यंत्रांचा बिघाड भिंगावर बसलेल्या धुळीपलीकडे गेलेला नसतो. ज्यांच्या घरीं लाखाचा संच आहे त्यांनीं तो खुशाल ऐकावा. पण वसतिगृहांतील विद्यार्थ्यानें आणि पेन्शनवर राहणाऱ्या मास्तरांनीं गाणें ऐकूंच नये, असा निकाल देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?

रेडिओची गोष्ट याहून गंभीर आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें पंचगंगा शहरांत शिरली आणि शिरोलीजवळ पुणें-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्यें महामार्ग पुन्हां पाण्याखालीं गेला. अशा वेळीं वीज जाते. फोनचे मनोरे बॅटरीवर कांहीं तास तग धरतात आणि मग तेहि गप्प होतात. मग घरांत चार फोन असूनहि राधानगरीचे दरवाजे उघडले कीं मिटले हें कळावयास मार्ग राहात नाहीं. दोन सेलांवर चालणाऱ्या रेडिओला गल्लीच्या तोंडचा मनोरा लागत नाहीं. दूरच्या केंद्रावरून आलेली लहर तो झेलतो, आणि लाख माणसांनीं ती एकदम झेलली तरी तिची वाट तुंबत नाहीं. पूर्वीं या रेडिओसाठीं पोस्टांत पैसे भरून परवाना काढावा लागे. १९८० च्या दशकांत तीहि पद्धति संपली. आज ऐकणाराचें नांवगांव न विचारतां त्याच्याशीं बोलणारें असें दुसरें साधन क्वचितच सांपडेल.

यावर "फोनमध्यें रेडिओ असतोच कीं," असें कोणी म्हणेल. पुष्कळ फोनांत तो असूनहि निजविलेला असतो. तो जागा असला तरी बहुधा कानाला लावावयाची तारच त्याच्या एरिअलचें काम करते, आणि ती तार खोंचण्याचें भोंकच आतां फोनांतून नाहींसें होत चाललें आहे. २०१६ सालीं ॲपलनें तें बुजविलें व इतरांनीं तोच कित्ता गिरविला. अखेर २०२३ सालीं केंद्र सरकारलाच फोन बनविणाऱ्यांना सांगावें लागलें कीं, संकटकाळीं उपयोगी पडणारी ही सोय बंद ठेवूं नका. सरकारच्या ध्यानांत आलेली गोष्ट आमच्या सुशिक्षित गृहस्थांच्या ध्यानांत अद्याप येत नाहीं! सांगलीचें आकाशवाणी केंद्र १९६३ सालीं सुरू झालें आणि त्याचा आवाज ऐकत या भागांतल्या दोन पिढ्या वाढल्या. तें केंद्र आपल्या घरांत बंद पडलें तें आपल्याच हातून, रेडिओ पारड्यांत ठेवल्यामुळें.

आतां त्या खोट्या कॅसेटविषयीं. तिच्या पोटांत फीत नसते. एक लहानसें चुंबकीय डोकें असतें. तारेंतून आलेलें गाणें तें डोकें मोटारींतील कॅसेटयंत्राच्या डोक्याला चुंबकाच्या भाषेंत सांगतें, आणि बिचाऱ्या जुन्या यंत्राला आपण फीतच वाजवीत आहों असें वाटतें. दुसरा प्रकार म्हणजे सिगारेट पेटविण्याच्या खोबणींत बसणारें चिमुकलें प्रक्षेपणकेंद्र. तें मोटारीच्या रेडिओला हातभर अंतरावरून गाणें ऐकवितें. दोहोंतहि खरखर आहे, आणि दुसऱ्यांत शेजारचें केंद्र घुसण्याची भीति आहे. तरीहि या क्षुद्र वस्तूंविषयीं मला आदर वाटतो, कारण नव्यानें जुन्याशीं बोलावें एवढ्याचसाठीं त्यांचा जन्म आहे. मोटारी करणाऱ्यांची वृत्ति याच्या अगदीं उलट. मीं स्वतः मोटार घेतली तेव्हां तींत सी.डी. घालण्याची फट नव्हती आणि साधी तार खोंचण्याचें भोंकहि नव्हतें. विक्रेत्यास विचारलें तर तो म्हणाला, "साहेब, आतां कोण वापरतं?" कोण वापरतो हें आपण ठरवूं, त्यासाठीं भोंक तर ठेवा! लाखों रुपये मोजून घेतलेल्या गाडींत शेंदोनशें रुपयांचा दुवा लावण्यासहि जागा नाहीं, आणि आपण मात्र पुढच्या चकचकीत पडद्यावर खूष होऊन सही करून मोकळे होतों.

राहतां राहिला तिसरा आरोप: हें सारें गतकाळाचें उमाळे आहेत. तो आरोप त्यांच्यावर करा, ज्यांनीं दिवाणखान्यांत जुन्या घाटाचा नवा रेडिओ मांडला आहे आणि जे त्यावर फुलदाणी ठेवतात. मला शोभा नको, वापर हवा आहे. २०१७ सालीं 'सारेगामा' कंपनीनें पांच हजार गाणीं भरलेला, जुन्या रेडिओच्या रूपाचा 'कारवां' बाजारांत आणला, आणि आमच्याच वर्गानें तो आईवडिलांसाठीं हौसेनें घेतला. कां घेतला? कळ फिरविली कीं गाणें लागावें, एवढेंच म्हाताऱ्या माणसांना हवें असतें म्हणून. मग तेंच करणारें, आणि शिवाय आपण निवडलेली तबकडी वाजविणारें यंत्र घरांत असतां तें किलोच्या भावानें कां दिलें?

त्या दिवशीं मीं भंगारवाल्यास पन्नास रुपये देऊन तें यंत्र पारड्यांतून उचललें. भिंगावरची धूळ हवेच्या फुग्यानें उडविली, नवे सेल घातले आणि कपाटांतील हातानें नांव लिहिलेली एक सी.डी. आंत ठेविली. दोनदां ती अडखळली; मग तंबोरा ऐकूं आला आणि त्यामागून किंचित् थकलेला आवाज. वहिनींच्या हातांतलें फडकें तसेंच राहिलें. "मामंजी!" एवढेंच त्या बोलल्या. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा आंतून आला आणि विचारूं लागला, "कोण गातंय?" आजोबांचा आवाज त्यानें कधीं ऐकलाच नव्हता. तो आवाज त्याच्या उशापासून दहा हातांवर, कांचेआड, त्याच्या जन्मापासून होता.

त्या घरच्या सात-आठ सी.डी.पैकीं एक सोडून बाकी सर्वांच्या नकला आतां झाल्या आहेत. एक वाचलीच नाहीं, ती उन्हानें खाल्ली. तेव्हां आपणां सर्वांस माझें सांगणें असें कीं, घरांतील यंत्र फेंकण्यापूर्वीं तें एकदां उघडून पुसून पाहा. घरीं उतरविलेल्या तबकड्या कांचेच्या कपाटांतून काढून अंधाऱ्या, थंड जागीं ठेवा आणि या महिन्यांतच त्यांच्या नकला करून घ्या. पावसाळ्यापूर्वीं सेलांवर चालणारा एक रेडिओ फळीवर असूं द्या. आणि फोन किंवा मोटार घ्यावयास जाल तेव्हां, दुकानदार हसला तरी, तार खोंचण्याचें भोंक कोठें आहे हें विचारा. गिऱ्हाईक विचारीत नाहीं म्हणूनच तें बुजलें आहे.