माळ पडीक नाही

गावाबाहेरच्या माळाकडे बोट दाखवून लोक म्हणतात, "ही जमीन पडीक आहे." सरकारी दप्तरातही अशा जमिनीची नोंद पुष्कळदा तशीच होते. मला मात्र हा शब्द अन्यायाचा वाटतो.

मुलांनो, शक्ती निर्माण करता येत नाही व नष्टही होत नाही. ती केवळ रूप पालटते, हा सृष्टीचा नियम आहे. माळावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा अल्पसा अंश पवना, कुसळी ही गवते आपल्या पात्यांत साठवितात. ते गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला चंडोल टिपतो आणि चंडोलावर ससाणा झडप घालतो. मग एका ससाण्याला एवढा विस्तीर्ण माळ का लागावा? कारण प्रत्येक प्राण्याची बहुतेक शक्ती धावण्यात, उडण्यात व शरीर चालविण्यात खर्ची पडते आणि उष्णतारूपाने निघून जाते. ती नष्ट होत नाही, हे खरे. परंतु कोणाच्या पोटी पुन्हा येतही नाही. वरच्या पायरीवर पोहोचतो तो ढोबळ मानाने दहावा हिस्सा. म्हणजे गवतात दहा हजार भाग शक्ती असेल, तर ससाण्याच्या वाट्याला जेमतेम दहा! १९४२ साली रेमंड लिंडेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका तळ्यातील जीवांचा असाच जमाखर्च मांडला होता.

द्रव्याचे मात्र तसे नाही. लेंड्या व पालापाचोळा कुजतो आणि त्यांतील सत्त्व पुन्हा मुळांशी जाते. म्हणूनच शेतकरी धनगराच्या मेंढ्या शेतात बसवितो. द्रव्य फिरून येते, शक्ती येत नाही. ती रोज सूर्याकडूनच घ्यावी लागते, आणि माळावर ती घेणारे मुख्यतः गवतच असते.

कोणी म्हणेल, "मग तेथे झाडे लावू या." हेतू चांगला आहे. पण जेथे मूळचे गवताचेच राज्य, तेथे दाट झाडी लावली तर सावलीत गवत खुरटते आणि काळवीट, माळढोक निराश्रित होतात. झाडे अवश्य लावावीत. पण बांधावर, रस्त्याच्या कडेला, तुटलेल्या रानात. माळावर गवतच राखावे आणि त्याला पुन्हा वाढण्याची उसंत मिळेल इतकेच चारावे.

सूर्य उगवताच जो कामाला लागतो, त्या माळाला पडीक कसे म्हणावे?